गाठीची उपासमार, रुग्णाची झीज: जठराच्या कर्करोगाचं एक प्रकरण

या प्रकरणातला रुग्ण कुणी एक माणूस नाही. जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये आणि त्यांच्या घरांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून तो अभ्यासासाठी उभा केला आहे. औषधं, चाचण्या आणि त्यांमागचं विज्ञान मात्र आहे तसंच आहे.

वय ५२, पुरुष. तीन महिने दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटायचं. आम्लपित्त समजून गोळ्या घेतल्या, थोडं बरं वाटलं, पुन्हा तेच. वजन ६८ किलोवरून ६१ वर आलं तेव्हा एन्डोस्कोपी झाली. जठराच्या मधल्या भागातली भिंत जाड आणि ताठ झाली होती, वर एक उथळ व्रण, आणि हवा भरली तरी जठर नीट फुगत नव्हतं. बायोप्सीत विखुरलेल्या प्रकारचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा आला. त्यात सिग्नेट रिंग पेशी होत्या. या पेशींत श्लेष्मा इतका साठतो की केंद्रक एका कडेला दाबलं जातं आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. हर-२ (काही गाठींच्या पेशींवर वाढणारं प्रथिन) निगेटिव्ह, मिसमॅच रिपेअर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा) शाबूत. सीटी स्कॅनवर गाठ भिंतीच्या बाहेरच्या थरापर्यंत गेलेली, शेजारी दोन-तीन संशयास्पद लसिकाग्रंथी, यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ. थोडक्यात, शस्त्रक्रियेने बरं होण्याची शक्यता असलेला, पण आधी केमो लागणारा रोग.

बायोप्सीचा अहवाल आणि कर्करोगतज्ज्ञांची पहिली भेट यांच्यात १८ दिवस गेले. त्या १८ दिवसांत घरात जे झालं त्यामुळेच हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

मुलाने वाचायला सुरुवात केली होती. कर्करोगाच्या पेशी साखरेवर जगतात, हे त्याच्या मनात पक्कं बसलं. मग वडिलांची साखर बंद, धान्य बंद, फळं बंद, दूधही बंद. मधुमेह नसताना मेटफॉर्मिन सुरू, दिवसाला १ ग्रॅम. अशक्तपणा वाटू नये म्हणून एक मल्टिव्हिटॅमिन, त्यात फॉलिक अ‍ॅसिड भरपूर. भेटीच्या दिवशी वजन भरलं ५६.५ किलो.

"डॉक्टर, गाठीला उपाशी मारायचं ठरवलंय," मुलगा म्हणाला. "केमो सुरू होईपर्यंत एवढं तरी आमच्या हातात आहे ना?"

वडील गप्प होते. त्रास काय होतो, असं त्यांनाच विचारल्यावर म्हणाले, "भूक लागते हो. पण हा म्हणतो, ती भूक माझी नाही, गाठीची आहे."

मुलाला दोन वाक्यांत मोडीत काढता आलं असतं. तसं केलं असतं तर तो पुढच्या वेळी काय काय देतोय हे सांगायचा थांबला असता. शिवाय त्याच्या म्हणण्यात अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं खोडून काढायला जास्त वेळ लागतो.

खरं अर्धं असं. १९२० च्या दशकात जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी दाखवलं की गाठीच्या पेशी भरपूर ग्लुकोज ओढतात आणि ऑक्सिजन हाताशी असूनही त्याचं लॅक्टेट करून टाकतात. हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटतो. या वाटेने ग्लुकोजच्या एका रेणूमागे २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात. तोच रेणू पेशीच्या ऊर्जाघरात, म्हणजे तंतुकणिकेत, पूर्ण जाळला तर सुमारे ३० मिळतात. वॉरबर्गना वाटलं, कर्करोगाच्या पेशीची तंतुकणिका बिघडलेली असावी. ते बहुतेक कर्करोगांत बरोबर ठरलं नाही, तंतुकणिका चालू असतात. झपाट्याने वाढणाऱ्या पेशीला नुसती ऊर्जा पुरत नाही, तिला माल लागतो. डीएनएचे घटक, पेशीपटलाची मेदद्रव्यं, अमिनो आम्लं. ग्लुकोज पूर्ण जाळलं तर त्यातला कार्बन वायू होऊन जातो. अर्ध्या वाटेवर वळवला तर तोच बांधकामाला येतो. (मुलाच्या फाइलीत 'नोबेल मिळालेला शोध' असं अधोरेखित केलेलं होतं. वॉरबर्गना १९३१ चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी. ही गल्लत इतकी पसरली आहे की मुलाला दोष देण्यात अर्थ नाही.)

आता उरलेलं अर्धं. ते वडिलांच्या रक्तातच होतं. १८ दिवस कर्बोदकं जवळजवळ शून्य, आणि उपाशीपोटी साखर ८४ मिलिग्रॅम. अगदी ठीक. आली कुठून? यकृताने बनवली. ताट रिकामं राहिलं तरी यकृत रक्तातली साखर पडू देत नाही, कारण मेंदू आणि लाल रक्तपेशी तिच्यावर चालतात. साठा संपला की कच्चा माल येतो स्नायूंच्या प्रथिनांतून. गाठीने सोडलेलं लॅक्टेटही यकृत उचलतं आणि परत ग्लुकोज करून देतं. या फेऱ्यात गाठ २ एटीपी कमावते आणि यकृत ६ खर्च करतं. गाठीच्या फायद्याचं बिल शरीर तिपटीने भरतं. त्यातून गाठ ग्लुकोजवरच अडून बसते असंही नाही. ती ग्लुटामिन हे अमिनो आम्ल खाते, मेदाम्लं खाते, आणि ग्लुटामिनचा मोठा साठा असतो स्नायूंतच. उपासाने गाठीचं दार बंद झालं नव्हतं. वडिलांच्या मांड्या आणि दंड तिच्या पुरवठ्याला लागले होते.

मेटफॉर्मिनचा हिशेबही पाहावा लागला. खाणं तुटपुंजं, पाणी कमी, मळमळ, आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.९ वरून १.५ वर गेलेलं. मूत्रपिंड मंदावलेलं असताना मेटफॉर्मिन साचतं आणि लॅक्टिक आम्लाचा धोका वाढतो. ते त्याच दिवशी थांबवलं.

शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञांनी पेट स्कॅन मागितला होता. तो आला आणि चर्चेला वेगळंच वळण लागलं. जठरातल्या गाठीने किरणोत्सारी साखर जवळजवळ घेतलीच नव्हती. मुलाचा चेहरा उजळला. "म्हणजे उपास लागू पडला! गाठ थंड झाली!"

इथे घाईने उत्तर देणं धोक्याचं होतं. पेट स्कॅनमध्ये एफडीजी नावाचा ग्लुकोजचा भाऊबंद टोचतात. ग्लुट-१ नावाच्या दारातून तो पेशीत शिरतो, हेक्सोकायनेज त्याला फॉस्फेट चिकटवतं आणि मग तो आत अडकून पडतो. अडकलेला तेवढा चमकतो. सिग्नेट रिंग पेशींवर ही दारं बहुधा कमी असतात, श्लेष्मा जागा अडवतो, आणि पेशी घट्ट गोळा न होता भिंतीत विखुरलेल्या असतात. त्यामुळे असे अनेक कर्करोग पेटवर मुळातच फिके दिसतात. उपास केला असो वा नसो. उलट पेट स्कॅनला रुग्णाला मुद्दाम उपाशी बोलावतात. उपाशीपोटी इन्सुलिन कमी असतं, स्नायू साखर ओढत नाहीत, आणि ज्या गाठी साखर खातात त्या आणखी उठून दिसतात. उपासाने गाठी विझत असत्या तर ही चाचणी चाललीच नसती.

हे सांगितल्यावर मुलगा बराच वेळ स्कॅनकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे बाबांची गाठ साखर फारशी खातच नाही?"

कमी घेते, इतकंच म्हणता येतं. पण त्या फिक्या चित्रातून एक व्यवहाराची गोष्ट निघत होती. पेटवर न दिसणारा रोग पोटाच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे पेरिटोनियमवर, पसरला असला तर तोही दिसणार नाही, आणि विखुरलेल्या प्रकाराला तीच जागा आवडते. म्हणून दुर्बिणीतून पोटात पाहायचं ठरलं. लॅपरोस्कोपीत अस्तर स्वच्छ निघालं, पोट धुऊन घेतलेल्या द्रवात कर्कपेशी सापडल्या नाहीत. त्याच भुलीत लहान आतड्यात अन्न देण्यासाठी नळी बसवून घेतली, कारण जठर ताठ असताना तोंडाने पुरेसं जाणार नव्हतं.

लॅपरोस्कोपीच्या आदल्या संध्याकाळी मुलाने फाइल उघडून एकेक औषध विचारलं. फाइल चांगली होती. तिच्यात प्रयोगशाळेतली यशं होती, माणसांवरच्या चाचण्यांचं पुढे काय झालं ते नव्हतं.

टू-डीजी हे ग्लुकोजचं बनावट रूप. पेशीत शिरतं आणि ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोज तोडण्याची पहिली वाट, अडवतं. पण मेंदूलाही तेच बनावट नाणं मिळतं, म्हणून मात्रा वाढवली की साखर उतरल्यासारखा घाम, चक्कर, गुंगी. ग्लुटामिन तोडणारं एन्झाइम अडवणारं टेलाग्लेनास्टॅट मूत्रपिंडाच्या कर्करोगात कॅबोझॅन्टिनिबच्या जोडीला दिलं, रोग रोखून धरण्याचा काळ वाढला नाही. तंतुकणिकेतल्या चक्रावर नेम धरलेलं डेव्हिमिस्टॅट स्वादुपिंडाच्या कर्करोगात ५०० हून अधिक रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत २०२१ मध्ये अपयशी ठरलं. श्वसनसाखळीचा पहिला टप्पा बंद करणारं आयएसीएस-०१०७५९ इतकं प्रभावी होतं की रुग्णांचं लॅक्टेट वाढलं आणि नसांना इजा झाली. चाचणीच्या पहिल्या टप्प्यातच काम थांबवावं लागलं. मेटफॉर्मिनचं तर सर्वांत मोठं गाऱ्हाणं. मधुमेही रुग्णांच्या नोंदींत ते घेणारे जास्त जगताना दिसत होते. पण जो जास्त जगतो त्यालाच औषध घ्यायला जास्त काळ मिळतो, हा फसवा भाग त्या नोंदींत मिसळलेला असतो. स्तनाच्या कर्करोगात मधुमेह नसलेल्या ३,६४९ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला, रोग परतण्यात फरक नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत मेटफॉर्मिनची जी तीव्रता वापरतात ती गोळी खाऊन रक्तात येतच नाही.

या यादीत जठराच्या कर्करोगाचं स्वतःचं असं एकच पान मला महत्त्वाचं वाटतं. काही जठर-कर्कपेशींवर सीडी-४४ या प्रथिनाचं एक बदललेलं रूप असतं. ते सिस्टीन हे अमिनो आम्ल आत आणणाऱ्या वाहकाला टिकवून धरतं. सिस्टीनपासून ग्लुटाथायोन बनतं आणि पेशी ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यातून वाचते. सांध्यांच्या आणि आतड्यांच्या दुखण्यावर वर्षानुवर्षं वापरात असलेलं सल्फासॅलाझिन हाच वाहक अडवतं. जपानमध्ये मोजक्या प्रगत रुग्णांना ते मोठ्या मात्रेत देऊन पाहिलं. काहींच्या बायोप्सीत तशा पेशी कमी झाल्या, गाठी मात्र आटल्या नाहीत, आणि दुष्परिणामांमुळे मात्रा वाढवता येईना. विखुरलेल्या प्रकारातल्या काही पेशी लोहामुळे होणाऱ्या मेदाच्या ऑक्सिडीकरणाने, फेरोप्टोसिसने, लवकर मरतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. वाट खरी असू शकेल. पण या रुग्णाला पुढच्या आठवड्यात देण्यासारखं तिथे काही नव्हतं.

मग चयापचयावर वार जमतो तो कुठे? जिथे कर्करोगाचं एन्झाइम त्याचं एकट्याचं असतं तिथे. रक्ताच्या आणि पित्तनलिकेच्या काही कर्करोगांत आयडीएच हे एन्झाइम बदलून वेगळाच पदार्थ बनवू लागतं. ते बिघडलेलं एन्झाइम अडवणारी औषधं चालतात, कारण निरोगी पेशीत ते नसतंच. जठराच्या कर्करोगात असा बदल क्वचित सापडतो. जिथे गाठ आपलीच यंत्रणा जरा जास्त जोरात चालवते, तिथे औषधाला दोघांतला फरक फारसा कळत नाही. ही रेघ मनात ठेवली की निम्म्या बातम्या वाचण्याआधीच चाळून होतात.

"म्हणजे चयापचयावर चालणारं औषध बाबांना मिळणारच नाही," मुलगा म्हणाला.

डॉक्टरांनी समोरचा केमोचा कागद त्याच्याकडे वळवला. पहिलंच नाव फाइव्ह-एफयू.

१९५० च्या दशकात एक निरीक्षण पुढे आलं. उंदरांच्या यकृतातल्या गाठी आरएनए बनवण्यासाठी युरॅसिल नेहमीच्या पेशींपेक्षा जास्त उचलतात. विस्कॉन्सिनमधले चार्ल्स हायडेलबर्गर यांनी त्या युरॅसिलला एक फ्लोरीन लावला. गाठीला आवडतं तेच खाणं, आत काटा घालून. १९५७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पेशीत गेल्यावर फाइव्ह-एफयूचं रूप बदलतं आणि ते थायमिडिलेट सिंथेज या एन्झाइमला घट्ट चिकटतं. डीएनएसाठी लागणारा थायमिडीन बनणं थांबतं. म्हणजे कर्करोगाच्या खाण्यावर नेम धरून रेखाटलेलं औषध, आणि गेली कित्येक दशकं जठराच्या कर्करोगाचा कणा. जुनं असल्यामुळे त्याला आज कुणी 'चयापचयावरचा उपचार' म्हणत नाही, एवढंच.

त्याच्यावर पुढे झालेलं काम तर मला नव्या औषधांच्या कित्येक कल्पनांहून हुशार वाटतं. शरीरात गेलेलं बहुतेक फाइव्ह-एफयू यकृतातलं डीपीडी हे एन्झाइम तोडून टाकतं. जपानमध्ये एस-१ नावाची गोळी बनली, १९९९ पासून जठराच्या कर्करोगात वापरात आहे. तिच्यात तीन गोष्टी आहेत. एक हळूहळू फाइव्ह-एफयूमध्ये बदलणारा टेगाफर. दुसरी डीपीडीला अडवणारी, म्हणजे औषध रक्तात टिकतं. तिसरी आतड्याच्या अस्तरात फाइव्ह-एफयूला सक्रिय होऊ न देणारी, म्हणजे जुलाब कमी. एकाच गोळीत तीन ठिकाणचं चयापचय तीन दिशांना वळवलं आहे. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर ही गोळी दिलेल्या रुग्णांपैकी तीन वर्षांनी ८०.१ टक्के हयात होते, नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटात ७०.१ टक्के. १,०५९ रुग्णांची ही चाचणी २००७ मध्ये छापून आली.

या रुग्णासाठी एफएलओटी ठरलं. फाइव्ह-एफयू, ल्युकोव्होरिन, ऑक्सालिप्लॅटिन आणि डोसिटॅक्सेल. दर दोन आठवड्यांनी, चार फेऱ्या शस्त्रक्रियेआधी आणि चार नंतर. ७१६ रुग्णांच्या चाचणीत या पद्धतीने मध्य आयुर्मान (निम्मे रुग्ण किमान जितका काळ जगले तो) आधीच्या केमोच्या ३५ महिन्यांवरून ५० महिन्यांवर गेलं, २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

केमोआधी दोन गोष्टी अडल्या, आणि दोन्ही चयापचयाच्याच.

पहिली, मल्टिव्हिटॅमिन. केमोतलं ल्युकोव्होरिन हे फोलेटचंच रूप. ते फाइव्ह-एफयूला एन्झाइमवर अधिक घट्ट धरून ठेवतं, म्हणून मुद्दाम देतात. त्यावर घरून रोज फॉलिक अ‍ॅसिडचा मारा म्हणजे औषधाची धार नकळत वाढवणं. तोंड येणं आणि जुलाब इतके वाढू शकतात की रुग्ण दाखल करावा लागतो. "ते तर ताकदीचं औषध होतं," मुलगा पुटपुटला.

दुसरी गोष्ट डीपीडीची चाचणी. शंभरातल्या काही जणांत हे एन्झाइम जन्मतः अर्धवट असतं, अगदी थोड्यांत जवळजवळ नसतंच. त्यांना नेहमीची मात्रा दिली तर ती जिवावर बेतू शकते. युरोपीय औषध संस्थेने २०२० मध्ये फाइव्ह-एफयूआधी ही तपासणी करावी असं सुचवलं. जनुकाचे नेहमी तपासले जाणारे चार बदल युरोपीय वंशाच्या लोकांतून सापडलेले, म्हणून इतरांत ते नसले तरी निर्धास्त होता येत नाही. रक्तातलं युरॅसिल मोजणं ही दुसरी वाट, कारण तेही डीपीडीच तोडतं आणि एन्झाइम कमी असलं की ते साचतं. या रुग्णाचं युरॅसिल वाढलेलं निघालं, जनुकातही एक प्रत सदोष. पहिली फेरी फाइव्ह-एफयूच्या निम्म्या मात्रेने दिली, सोसलं तसं पुढे वाढवलं. सगळे गाठीचं चयापचय शोधत होते. जीव वाचवणारी माहिती रुग्णाच्या यकृताच्या चयापचयात निघाली.

तोवर खाणं परत सुरू करायचं होतं, आणि तेही सरळ नव्हतं. सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजन गेलेल्या माणसाला एकदम पोटभर कर्बोदकं दिली तर इन्सुलिन उसळतं. ते फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत खेचून नेतं, रक्तातली पातळी कोसळते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून आधी थायामिन (बी-१ जीवनसत्त्व), मग नळीतून निम्म्याहून कमी उष्मांक, रोज फॉस्फेटची तपासणी. आठवड्याभरात लक्ष्य गाठलं. किलोमागे ३० किलोकॅलरी आणि दीड ग्रॅम प्रथिनं, म्हणजे दिवसाला सुमारे १,७०० किलोकॅलरी आणि ८५ ग्रॅम प्रथिनं. त्यात कर्बोदकं होती. मुलाने प्रत्येक पिशवीवरचं लेबल वाचलं आणि काही बोलला नाही. पहिल्या केमोच्या दिवशी वजन ५८ किलो, क्रिएटिनिन १.० आणि वडील जिना स्वतः चढून आले.

चार फेऱ्यांत एकदा जुलाब आणि एकदा पांढऱ्या पेशी उतरल्या, एक फेरी आठवडाभर पुढे गेली. नंतर संपूर्ण जठर आणि भोवतालच्या लसिकाग्रंथी काढल्या. कडा स्वच्छ. ३१ ग्रंथींपैकी एकीत रोग. गाठीचा बराच भाग आटलेला, पण जिवंत पेशी शिल्लक. उरलेल्या चार फेऱ्यांपैकी तीन झाल्या, चौथी हातापायांच्या बधिरपणामुळे सोडली. दोन वर्षांनंतरच्या स्कॅनमध्ये रोग दिसत नाही. या प्रकारात तो परत येण्याची शक्यता त्यानंतरही राहते, त्यामुळे तपासण्या चालू आहेत.

शस्त्रक्रियेनंतर घरी जाण्याच्या दिवशी आहारतज्ज्ञ बाई सूचना देत होत्या. बी-१२ चं इंजेक्शन आता आयुष्यभर. दिवसातून सहा ते आठ वेळा थोडं थोडं खाणं. पाणी जेवणाबरोबर नको. आणि गोड टाळा.

मुलाने मान वर केली. "गोड? तुम्हीच तर म्हणाला होतात..."

जठर नसताना दाट साखर थेट लहान आतड्यात पडते, बाईंनी सांगितलं. ती पाणी ओढून घेते, पोटात कळ येते, धडधडतं. मग इन्सुलिन जास्त सुटतं आणि दोन तासांनी साखर उतरून घाम फुटतो. याचा गाठीशी काही संबंध नाही.

"म्हणजे बंद?" वडिलांनी विचारलं.

"बंद नाही काका. एका वेळी थोडं, आणि प्रथिनांबरोबर."

मुलाने वहीत 'गोड बंद' असं लिहून ठेवलं होतं. त्यातला 'बंद' त्याने खोडला.